कोटी अंशांचा तापमापक

सूर्याच्या मध्यभागी सुमारे दीड कोटी अंश तापमान असते, असे आपण वर्गात सांगतो. मुले ते वहीत लिहून घेतात. एखादी चौकस मुलगी मात्र हात वर करते आणि विचारते, "पण सर, ते मोजले कोणी? आणि कशाने?" प्रश्न अगदी रास्त आहे. पारा साधारण ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे पाऱ्याचा तापमापक त्याआधीच निकामी. टंगस्टनसारखा चिवट धातूही साडेतीन हजार अंशांच्या आत वितळतो. मग कोटीच्या गोष्टी कोणत्या आधारावर करायच्या?

विसाव्या शतकातील विज्ञानाच्या एका मोठ्या शाखेचे भवितव्य काही काळ याच प्रश्नावर अडून राहिले होते. १९५८ साली एका नामांकित प्रयोगशाळेने या प्रश्नाचे उत्तर देण्यात घाई केली आणि तिला जगापुढे माघार घ्यावी लागली. १९६९ साली त्याच देशातील शास्त्रज्ञ पाच टन उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले आणि दुसऱ्यांनी केलेला दावा तपासून आले. या दोन घटनांमधील अकरा वर्षांची हकिकत आपण पाहणार आहोत.

भट्टी आणि तिची भिंत

हायड्रोजनची जड भावंडे म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम. त्यांची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळली की हेलियम आणि न्यूट्रॉन तयार होतात आणि पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते. यालाच आपण केंद्रकीय संमीलन म्हणतो. अडचण एवढीच, की दोन्ही केंद्रांवर धन विद्युत्‌भार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. हा विरोध मोडून ती जवळ यायची तर त्यांना प्रचंड वेग हवा. प्रचंड वेग म्हणजेच प्रचंड तापमान. पृथ्वीवरच्या भट्टीत ते दहा कोटी अंशांच्याही वर न्यावे लागते.

१९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या भाषणात केले. तोवर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या तिघांचेही या विषयावरील संशोधन गुप्तपणे चालले होते. भाभांच्या भाषणाने तो विषय उघड चर्चेत आला.

इतक्या तापमानाला अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. उरतो तो धन आयन आणि इलेक्ट्रॉन यांचा मिश्र वायू. यालाच प्लाझ्मा किंवा मराठी परिभाषेत आयनद्रायू म्हणतात. तो ठेवायचा कशात? येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "असे भांडे लगेच वितळून जाईल," असे आपण सांगतो, पण प्रयोगातील खरी अडचण उलटी आहे. हा प्लाझ्मा फार विरळ असतो. आपल्या भोवतालच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये जितके रेणू असतात, त्याच्या जेमतेम दहा लाखांश कण त्यात असतात. तो भिंतीला टेकला तर भिंतीपेक्षा आधी तोच थंड होतो. म्हणून त्याला भिंतीपासून दूर, अधांतरी ठेवायचे. हे काम चुंबकीय क्षेत्राकडे दिले गेले.

बांगडीच का?

विद्युत्‌भारित कण चुंबकीय बलरेषेला आडवा सहसा जात नाही. तो तिच्याभोवती मळसूत्रासारखा फिरत राहतो आणि रेषेच्या दिशेने मात्र मोकळेपणाने धावतो. सरळ नळीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून क्षेत्र निर्माण केले तर कण बाजूच्या भिंतीकडे जात नाहीत, पण दोन्ही टोकांतून निसटतात. यावर सोपा उपाय म्हणजे टोकेच ठेवायची नाहीत. नळी वाकवून बांगडी करायची.

पण यातून नवी अडचण निघते. बांगडीच्या आतल्या बाजूला तारांचे वेढे दाटीने येतात आणि बाहेरच्या बाजूला ते पसरतात. त्यामुळे आतील बाजूचे क्षेत्र तीव्र आणि बाहेरील बाजूचे सौम्य होते. या फरकामुळे धन आयन हळूहळू वर सरकतात आणि इलेक्ट्रॉन खाली (किंवा क्षेत्राची दिशा उलटी असेल तर याच्या उलट). वर धन, खाली ऋण अशी विभागणी झाली की विद्युत् क्षेत्र तयार होते आणि ते साऱ्या प्लाझ्माला बाहेरच्या भिंतीवर ढकलते.

सुटका आहे ती पीळ देण्यात. सुंभाचे धागे जसे पिळलेले असतात, तशा बलरेषा पिळल्या तर एकच रेषा कधी बांगडीच्या वरून, कधी खालून जाते. मग वर साचलेला भार तिच्यावरून खाली वाहून येतो आणि विभागणी टिकत नाही. हा पीळ देण्याचे दोन मार्ग निघाले. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे लायमन स्पिट्झर यांनी १९५१ साली नळी किंवा वेटोळी यांनाच पीळ देणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली आणि त्याला 'स्टेलरेटर' असे नाव दिले. दुसरा मार्ग म्हणजे प्लाझ्मातूनच जोरदार विद्युत् प्रवाह वाहू द्यायचा. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होतेच. तेच पीळ देते, शिवाय प्रवाहाने प्लाझ्मा तापतो तो वेगळाच. ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन आणि मोझेस ब्लॅकमन यांनी १९४६ सालीच प्रवाहाने आवळून धरलेल्या बांगडीच्या आकाराच्या भट्टीच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. सोव्हिएत संघात इगोर टाम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी १९५०-५१ मध्ये बांगडीतील चुंबकीय बंदिवासाचा विचार मांडला.

एक इशारा आणि एक घाई

एप्रिल १९५६ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ब्रिटनच्या भेटीवर आले. त्यांच्यासोबत अणुशास्त्रज्ञ इगोर कुर्चातोव्ह होते. हारवेल येथील अणुशक्ती केंद्रात त्यांनी व्याख्यान दिले आणि सोव्हिएत संमीलन संशोधनाची माहिती सरळ मांडली. गुप्ततेच्या त्या दिवसांत हे अनपेक्षित होते. त्यांच्या सांगण्यात एक इशाराही होता. ड्युटेरियममधून जोरदार विद्युत् प्रवाह सोडला की न्यूट्रॉन मिळतात. पण न्यूट्रॉन मिळाले म्हणजे वायू तापला असे समजू नका! त्यांच्या प्रयोगांतील न्यूट्रॉन उष्णतेतून आलेले नव्हते.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. एखाद्या मैदानात सगळीच मुले इकडून तिकडे जोरात धावत असतील तर टकरा होतील. पण सारी मुले शांत उभी असताना चारदोन मुलेच सुसाट सुटली तरीही टकरा होतील. नुसत्या टकरा मोजून आपल्याला दोन्हींत फरक करता येणार नाही. प्लाझ्मात अस्थैर्य आले की काही मोजक्या आयनांना विद्युत् क्षेत्राचा असाच झटका बसतो. ते इतरांवर आदळतात, न्यूट्रॉन निघतात, पण प्लाझ्मा मात्र थंडच असतो.

हारवेलमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये 'झीटा' हे बांगडीच्या आकाराचे मोठे यंत्र सुरू झाले. त्याची नळी १ मीटर रुंद आणि बांगडीचा व्यास ३ मीटर होता. त्यात ड्युटेरियम भरताच न्यूट्रॉन मिळू लागले. जानेवारी १९५८ मध्ये वार्ताहरांना बोलावून निष्कर्ष जाहीर करण्यात आले. तापमान पन्नास लाख अंशांपर्यंत पोचल्याचे सांगितले गेले. न्यूट्रॉन संमीलनाच्या उष्णतेतूनच आले का, या प्रश्नावर केंद्राचे संचालक सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी आपल्याला नव्वद टक्के खात्री असल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी उरलेले दहा टक्के सोडून दिले. माणसाने सूर्य बनवला, अशा थाटाच्या बातम्या जगभर झळकल्या.

ते दहा टक्के तपासण्याचे काम हारवेलमधल्याच बासिल रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी न्यूट्रॉनांची नुसती संख्या न मोजता निरनिराळ्या दिशांनी बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली. प्लाझ्मा खरोखर तापलेला असेल तर आयन सर्व दिशांना सारखेच धावतील आणि न्यूट्रॉनही सर्व दिशांना सारखेच दिसतील. पण विद्युत् प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या आणि त्याच्या उलट येणाऱ्या न्यूट्रॉनांच्या ऊर्जेत फरक आढळला. म्हणजे हे सुसाट सुटलेल्या मोजक्या आयनांचे काम होते. मे १९५८ मध्ये दावा मागे घेण्यात आला. कुर्चातोव्ह यांनी दोन वर्षांपूर्वी ज्या खड्ड्याची खूण दाखवली होती, त्यातच पाय पडला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनीव्हा येथील दुसऱ्या परिषदेत तिन्ही देशांनी संमीलन संशोधनावरील गुप्ततेचा पडदा दूर केला. आता एकमेकांचे आकडे सगळ्यांना दिसू लागले. मात्र झीटानंतर अशा आकड्यांवर सहजासहजी विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते.

मॉस्कोतले टोकामाक

मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत लेव्ह आर्त्सिमोविच यांच्या नेतृत्वाखाली वेगळ्या प्रकारच्या यंत्रांवर काम चालू होते. बांगडीच्या आकाराची पोकळी आणि चुंबकी वेटोळी या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यांना 'टोकामाक' हे नाव मिळाले. झीटा आणि टोकामाक ही दोन्ही यंत्रे प्लाझ्मातील प्रवाहावरच चालत. फरक होता प्रमाणात. टोकामाकमध्ये बांगडीच्या लांबीच्या दिशेने फार जोरदार चुंबकीय क्षेत्र असे. प्रवाहामुळे त्याला मिळणारा पीळ अगदी अलवार ठेवला जाई. पीळ फार झाला की प्लाझ्मा दोरीसारखा गाठी मारू लागतो, हे सोव्हिएत संघातील शाफ्रानोव्ह आणि अमेरिकेतील क्रुस्काल यांनी स्वतंत्रपणे गणिताने दाखवले होते. टोकामाक ती मर्यादा पाळत असे.

साठच्या दशकात या क्षेत्रावर निराशेचे मळभ होते. कारण होते 'बोम विसरण'. डेव्हिड बोम यांनी युद्धकाळातील प्रयोगांवरून एक नियम काढला होता. त्यानुसार चुंबकीय क्षेत्रातून प्लाझ्मा अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने झिरपतो आणि तापमान वाढवावे तशी गळती आणखी वाढते. प्रिन्स्टनच्या स्टेलरेटरमध्ये नेमके असेच दिसत होते. हा निसर्गाचा सर्वसाधारण नियम असेल तर संमीलनाची भट्टी व्यवहारात येणेच अशक्य होते. म्हणजे प्रश्न एखाद्या यंत्राचा नव्हता. दोन दशकांची सारी वाटचाल पुढे न्यायची की आवरती घ्यायची, हा होता.

ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत आर्त्सिमोविच यांच्या गटाने टी-३ या टोकामाकचे निष्कर्ष मांडले. हे यंत्र झीटापेक्षा लहान, सुमारे १ मीटर त्रिज्येचे होते. इलेक्ट्रॉनांचे तापमान जवळजवळ एक कोटी अंश. प्लाझ्मा काही मिलिसेकंद टिकतो, म्हणजे बोम यांच्या नियमापेक्षा कितीतरी पट अधिक. हे खरे असेल तर मळभ दूर झाले होते. पण हे खरे होते का?

शंका कशाची होती?

सोव्हिएत गटाने तापमान थेट मोजले नव्हते. प्लाझ्मा तापला की तो भोवतीचे चुंबकीय क्षेत्र किंचित बाहेर सारतो. तो बदल मोजून प्लाझ्मातील एकूण ऊर्जा काढायची आणि तिला कणांच्या संख्येने भागायचे, अशी त्यांची मुख्य पद्धत होती.

आपण वर्गातले उदाहरण घेऊ. वर्गात ४० मुले आहेत आणि सर्वांकडचे पैसे मिळून २४०० रुपये होतात. सरासरी ६० रुपये. पण ३९ मुलांकडे दहा-दहाच रुपये आणि एकाकडे २०१० रुपये असतील तरी बेरीज तीच येते! या वर्गातील मुलांकडे साधारण साठ रुपये असतात, असे म्हणणे मग खोटे ठरेल. प्लाझ्मातही काही इलेक्ट्रॉन विद्युत् क्षेत्रात वेग घेत घेत हाताबाहेर जातात. अशा मूठभर पळपुट्या इलेक्ट्रॉनांनीच बरीचशी ऊर्जा घेतली असेल तर एक कोटीचा आकडा पोकळ ठरतो. स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हीच शंका होती, आणि झीटाचा अनुभव पाहता ती रास्तच होती.

आर्त्सिमोविच यांनी वाद घालत न बसता एक असाधारण गोष्ट केली. ब्रिटनमधील कलहॅम प्रयोगशाळेचे प्रमुख आर. एस. पीझ यांना त्यांनी सुचवले, तुमची माणसे आणि तुमची उपकरणे घेऊन मॉस्कोला या आणि आमच्या यंत्राचे तापमान तुम्हीच मोजा. पीझ हे स्वतः झीटाच्या गटात काम केलेले. परिषद संपून दोन-तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. पूर्व आणि पश्चिम यांच्यातील संबंध बिघडले. तरीही हे निमंत्रण कायम राहिले आणि ते स्वीकारले गेले.

लेसरचा कवडसा

१९६९ साली निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक यांचा गट कुर्चातोव्ह संस्थेत काम करू लागला. सोव्हिएत बाजूने व्ही. व्ही. सान्निकोव्ह त्यांच्यासोबत होते. सोबतच्या सामानात मुख्य होता तो माणकाच्या स्फटिकाचा लेसर आणि त्याचा विखुरलेला प्रकाश टिपणारी उपकरणे.

पद्धतीमागचे तत्त्व आपण घरी रोज पाहतो. कौलातून आलेला कवडसा बाजूने दिसतो, कारण हवेतील धूळ प्रकाश विखुरते. प्लाझ्मात धुळीचे काम इलेक्ट्रॉन करतात. सुट्या इलेक्ट्रॉनाकडून होणारे हे प्रकीर्णन जे. जे. थॉमसन यांच्या नावाने ओळखले जाते. बांगडीच्या भट्टीची कल्पना मांडणारे जी. पी. थॉमसन हे त्यांचेच चिरंजीव.

माणिक लेसरचा रंग अगदी काटेकोर, ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल असतो. पण इलेक्ट्रॉन धावत असतात. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते. तसेच आपल्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनाने विखुरलेला प्रकाश निळ्याकडे आणि दूर जाणाऱ्याचा तांबड्या टोकाकडे सरकतो. हाच डॉप्लर परिणाम. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितकी ती लाल रेघ दोन्ही बाजूंना रुंदावते. एक कोटी अंशांच्या आसपास आणि काटकोनातून पाहिल्यास हा फैलाव प्रत्येक बाजूला सुमारे ६० नॅनोमीटरचा होतो. म्हणजे नारिंगी छटेपर्यंत!

मुख्य लाभ पुढेच आहे. या पद्धतीत एकूण बेरीज हाती येत नाही, तर किती इलेक्ट्रॉन कोणत्या वेगाचे आहेत, हे कळते. प्रत्येक मुलाचा खिसा तपासल्यासारखेच हे आहे. रेघ घंटेच्या आकारात सर्वत्र सुबक रुंदावली तर सारे इलेक्ट्रॉन तापलेले आहेत. मधे उंच अरुंद सुळका आणि कडेला तुरळक प्रकाश दिसला तर ती पळपुट्यांची करामत.

सांगायला सोपे, करायला मात्र कठीण. प्लाझ्माच्या एका सेंटिमीटरमधून जाताना लेसरच्या दर दहा हजार कोटी फोटॉनांपैकी एखादाच विखुरतो, आणि त्यांतलेही थोडेच आपल्या भिंगात येतात. शिवाय प्लाझ्माचा स्वतःचा उजेड असतोच. म्हणून लेसरची सारी शक्ती अतिसूक्ष्म क्षणात कोंबायची आणि तेवढ्याच क्षणापुरते पाहायचे, म्हणजे प्लाझ्माचा उजेड फिका पडतो. पुन्हा पुन्हा प्रयोग करून त्यांनी रेघेचा आकार बिंदूबिंदूने जुळवला.

तो घंटेसारखाच निघाला. तापमान सुमारे एक कोटी अंशांपर्यंत पोचत होते. प्लाझ्माच्या मध्यात सर्वांत जास्त आणि कडेला कमी. सोव्हिएत गटाचा आकडा बरोबर होता. १ नोव्हेंबर १९६९ च्या 'नेचर'मध्ये चार ब्रिटिश आणि एका सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला.

पुढची वाट

परिणाम तातडीने दिसला. प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटर मोडून १९७० साली त्याचाच टोकामाक केला आणि मॉस्कोचे निष्कर्ष स्वतः पडताळले. मग देशोदेशी टोकामाक उभे राहू लागले. भारतात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामाक १९८९ साली सुरू झाला. युरोपीय देशांचा 'जेट' कलहॅमलाच उभारला गेला आणि १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षे चालला. मॉस्कोला गेलेले डेरेक रॉबिन्सन पुढे कलहॅमचे प्रमुख झाले.

भाभांच्या भाकितातील दोन दशके केव्हाच उलटली. १९९७ साली जेटने क्षणभर १६ मेगावॉट संमीलन शक्ती दिली, पण त्यासाठी प्लाझ्माला सुमारे २४ मेगावॉट द्यावे लागले होते. २०२३ मधील अखेरच्या प्रयोगांत त्याने पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे १९ युनिट. त्यासाठी लागलेले इंधन होते अवघे ०.२ मिलिग्रॅम. या दोन्ही आकड्यांवरून आशा किती मोठी आणि वाट किती लांब, हे एकदमच कळते. फ्रान्समध्ये उभा राहत असलेल्या 'आयटर' या महाकाय टोकामाकमध्ये भारतही भागीदार आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार त्यावरील संशोधन २०३४ साली सुरू होणे अपेक्षित आहे.

वर्गात हा विषय शिकवताना आपण बहुधा संमीलनाचे समीकरण फळ्यावर लिहून थांबतो. त्याच तासाला आणखी एक प्रयोग करता येईल. वर उल्लेखलेले ४० मुले आणि २४०० रुपयांचे कोडे मुलांपुढे ठेवावे आणि विचारावे, "नुसत्या बेरजेवरून या वर्गाबद्दल काय सांगता येईल, काय सांगता येणार नाही, आणि ते कळायला आणखी काय मोजावे लागेल?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले की "ते मोजले कोणी आणि कशाने?" या प्रश्नाचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. हारवेलमध्ये तो प्रश्न न्यूट्रॉनांची बातमी जगभर गेल्यावर विचारला गेला. मॉस्कोत तो पाहुण्यांना बोलावून विचारला गेला, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सर्वांना मान्य झाले.